बोट कोणत्या काठाला बांधायची?

मी बोटीवर नोकरी केली असं सांगितलं की आमच्या पांढुर्ण्यात लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कोणत्या समुद्रात?" त्यांचं चुकत नाही. आमची जाम नदी दिवाळीनंतर नुसती दगडांची उरते. अशा गावातला माणूस उन्हाळे पाण्यावर राहून काढतो हे मलाही कोणी सांगितलं असतं तर मी हसलोच असतो. पण मी राहिलो. मागच्या वर्षी रिटायर झालो तोवर दर चैत्रात माझी वळकटी, पाने-पकडी आणि लोणच्याची बरणी घेऊन मी सौंसरची बस पकडायचो. पहिला पाऊस पडेपर्यंत पुढचा मुक्काम बोटीवर.

हे काम काय ते आधी सांगतो, कारण ते कोणालाच माहीत नसतं. सौंसरकडच्या एका गावाला धरणातून नळाचं पाणी मिळतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या ऑफिसात अजून माझी माणसं आहेत. धरणाच्या काठाला एक उंच विहीर बांधलेली आहे. धरणाचं पाणी तिच्यात शिरतं आणि तिथले मोठे पंप ते गावाकडे ढकलतात. चैत्र लागला की पाणी उतरत उतरत विहिरीच्या तोंडाखाली जातं. समोर हाकेच्या अंतरावर पाणी चमकत असतं आणि विहीर मात्र कोरडी. मग आमची बोट निघायची. बोट म्हणजे लोखंडी नाव, तीत एक पंप, वर पत्रा, दोन खाटा आणि एक स्टोव्ह. आम्ही पाण्यापाशी जायचो, पंप पाणी उचलायचा आणि रिकाम्या ड्रमांवर तरंगणाऱ्या पाइपातून ते विहिरीत सोडायचा. लाईन, म्हणजे वीज, केव्हा येईल याचा नेम नसायचा, केबल चोरणारे होतेच, आणि पाणी जसं उतरेल तसे दोर सोडावे लागायचे. म्हणून दोन माणसं तिथंच खायची, तिथंच झोपायची.

एक मी, वसंता. मूळचा बोअरवेलचा मेकॅनिक. दुसरा नामदेव, सावरगावचा. इथं बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा आणि त्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि झेंड्यासाठी दोन्ही काठांचे लोक एकमेकांना दगड मारतात. आमची गोटमार. मी कधी दगड उचलला नाही आणि नामदेवला तर त्या दिवशी त्याची आई गुरांच्या कोठ्यात कोंडून ठेवायची. पण त्या काठच्या माणसानं पूर्व म्हटलं की या काठच्यानं पश्चिम म्हणायचं, एवढं मात्र दोघांच्याही अंगात मुरलेलं होतं. अशा दोघांना साहेबांनी एका बोटीत बसवलं आणि सांगितलं, "बोट कुठं बांधायची ते तुम्ही दोघं मिळून ठरवा."

आम्ही मिळून काहीही ठरवलं नाही.

घर घेताना माणूस जेवढा विचार करतो तेवढा आम्हाला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी करावा लागायचा, कारण पाणी मागे सरकलं की बोटीनंही सरकायचं. जागा खोल हवी, म्हणजे पंपाच्या तोंडात गाळ येत नाही. पण खोल जागा म्हणजे उघडी जागा. वैशाखातला पश्चिमेचा वारा तिथं बोट नाचवतो. टेकडीच्या आडोशाला वारा लागत नाही, पण तिथं गाळ. काठ उताराचा हवा, नाहीतर पाणी उतरलं की बोट चिखलात बसते. म्हशी पाण्यावर येतात ती जागा टाळायची, कारण म्हशीला दोर दिसत नाही आणि दिसला तरी ती थांबत नाही. बाया धुणं धुतात तिथं तर बोट लावायचीच नाही. पहिल्या उन्हाळ्यात लावली होती, तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात आणखी एक शिकलो. नामदेव बैलांच्या घरचा. त्यानं बोट काठावरच्या बाभळीला बांधली ती बैल बांधतात तशी, आखूड आणि पक्की. बैलाला लांब दावं ठेवलं तर त्याच्या पायात अडकतं, म्हणून. मी बाजारातला, आमच्या घरी कधी शेळीही नव्हती, त्यामुळे मला ती गाठ फार देखणी वाटली. कालव्याला पाणी सोडलेलं होतं हे दोघांच्याही ध्यानात नाही. सकाळी जाग आली तेव्हा माझी खाट नामदेवच्या खाटेवर चढलेली, साखरेचा डबा पंपाखाली, आणि बोट एका कुशीवर दोराला लोंबकळलेली. पाणी खाली गेलं होतं आणि आमचा बैल वरच टांगला गेला होता.

"कोनी बांधली?" साहेबांनी काठावरून विचारलं.

"पांढुर्ण्यानं," नामदेव म्हणाला.

"सावरगावनं," मी म्हणालो.

तेव्हापासून झोपण्याआधी त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "वसंता, दोर पाह्यला का?" पाहिला असला तरी मी पुन्हा उठून पाहायचो.

आता खरी गोष्ट. मला पोहता येत नव्हतं. आमच्या भागात ज्यांच्या संत्र्याच्या बागा, त्यांची पोरं बागेतल्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात. आमचं घर बाजारात, नळाच्या पाण्यावर वाढलेलं. बोअरवेलवरून बोटीवर बदली झाली तेव्हा पोहता येतं का हे कोणी विचारलंच नाही. अंगात घालायची तरंगती जॅकेटं आली होती, पण ती खराब होऊ नयेत म्हणून ऑफिसच्या कपाटात कुलपात होती. मला पाण्याची इतकी भीती वाटायची की पहिल्या महिन्यात स्वप्नातही मी बुडत असे. आणि ही भीती त्या काठच्या माणसाला कळू द्यायची नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं.

फक्त बायकोला सांगितलं होतं. तिनं तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा धुऊन, झाकण घट्ट लावून माझ्या सामानात ठेवला. "याच्यात काही भरू नका," ती म्हणाली. "खाटेखाली ठेवा." नामदेवनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, रॉकेलसाठी आणलाय, लागेल तेव्हा भरू. तो "बरं" म्हणाला. पुढं रॉकेल आलं, गेलं, गॅसची शेगडी आली, पण तो डबा कोणी भरला नाही. दरवर्षी माझ्या वळकटीबरोबर तो जायचा आणि यायचा.

भिणारा माणूस फार शूर बोलतो. जागा निवडायची वेळ आली की मी नेहमी सगळ्यात खोल पाणी मागायचो. "पंपाला डोह पाहिजे," एवढं माझं एकच पालुपद. नामदेव नेमका उलट. धरणाच्या पोटात एका जुन्या गावाची सडक बुडालेली होती. उन्हाळ्यात तिच्यावर कुठं कमरेइतकं, कुठं छातीइतकं पाणी असायचं आणि कडेचे मैलाचे दगड डोकं वर काढून उभे असायचे. नामदेवला दरवेळी त्या सडकेजवळच बोट हवी. तिथं गाळ येतो, जाळी तुंबते, ती दिवसातून चारदा साफ करावी लागते, हे सगळं तोच करायचा, पण हट्ट सोडायचा नाही. कारण विचारलं की रोज नवीन. आज म्हणे तिथं वारा कमी, उद्या म्हणे तिथं मोबाईलला रेंज चांगली, परवा म्हणे भाजी जवळ पडते.

भाजी खरंच जवळ पडायची. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात अंजनाबाई नावाची एक म्हातारी टरबूज-काकडीची वाडी लावायची. आमचं भांडण तिच्या खोपीपर्यंत ऐकू जायचं.

"काय गा, आजबी गोटमार चालू हाय?" ती ओरडायची. "अरे, बोट हाय का बायको हाय? कोठीबी बांधा न एकडाव!"

गिऱ्हाईकं म्हणावीत अशी माणसंही यायची. गावातले एक रिटायर गुरुजी एकदा मोटरसायकलवर आले. त्यांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं आणि नळ दोन दिवस कोरडा. पाणी आहे की नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. आम्ही त्यांना बोटीवर घेतलं, आमच्यातली भाकर-ठेचा दिला. पंप चालू झाल्यावर ते पाइपाकडे असे पाहत बसले की जणू मांडवात नवरदेव आलाय. निघताना म्हणाले, "हे पाणी माझ्या घरी केव्हा पोचेल?"

"गुरुजी, तुमी गाडीनं निंगा, थे पाइपानं निंगून राह्यलं," नामदेव म्हणाला. "पाहू कोन पयले पोचते."

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. नुसतं एवढंच म्हणाले, "पाणी हरलं. पण आलं." आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. अशा दिवशी ही नोकरी मला आवडायची, पाण्यावर असूनही.

आणि मग तो उन्हाळा आला. धरण इतकं आटलं की उरला फक्त जुन्या नदीचा डोह आणि त्याच्या कडेनं ती बुडालेली सडक. आम्ही नामदेवच्या हट्टानं सडकेजवळ होतो आणि पंप पाण्यापेक्षा गाळच जास्त ओढत होता. गावात नळाला गढूळ पाणी गेलं, मग तेही बंद झालं. लोक ऑफिसात घागरी घेऊन बसले. साहेब स्वतः आले.

"डोहात घ्या साहेब," मी म्हणालो. "तिथं स्वच्छ पाणी आहे."

"डोहात नको," नामदेव म्हणाला. "उघडं पडते. वाऱ्याचे दिवस हायेत."

"मग गावाला काय टरबूज खायला सांगायचं?" मी चिडून म्हणालो. माझं बोलणं बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो. गावाला पाणी हवंच होतं. साहेबांनाही ते पटलं. नामदेवनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं आता काहीतरी बोलणार. पण तो दोर सोडायला गेला.

बोट डोहात नेली. काठ लांब पडत होता, म्हणून एका बाजूचा दोर पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या झाडाच्या खोडाला बांधला आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी नांगर टाकला. पंप सुरू झाला. काचेसारखं पाणी पाइपात जाऊ लागलं. दुपारपर्यंत गावातून फोन आला की नळ सुरू झाले. मला फार बरं वाटलं. मी नामदेवला ऐकवलंही, "पाहा, पांढुर्णा जिंकलं."

"जिंकलं न बापा," तो म्हणाला. "तू आता मंधात बस. कडेले नको जाऊ."

मला ते बोलणं विचित्र वाटलं, पण मी सोडून दिलं.

ऊन उतरता उतरता पश्चिमेकडचं आभाळ मातकट झालं. अंजनाबाई वाडीतून हात हलवून काही ओरडत होती, शब्द कळत नव्हते. मग वारा आला. आमच्याकडे वारा आला की आधी लाईन जाते. पंप बंद पडला आणि त्या शांततेत पाइपाखालचे ड्रम एकमेकांवर आपटू लागले. बोट दोराला हिसके देऊ लागली. तीन-चार हिसके, आणि ते खोड मुळासकट वर आलं. वर्षानुवर्षं पाण्यात कुजलेलं होतं ते. नांगर गाळात घसरत निघाला, बोट आडवी फिरली, आणि लाटा कडेवरून आत येऊ लागल्या.

मी पत्र्याचा खांब दोन्ही हातांनी धरला. माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता. बोट बुडाली तर गावाचा पंप जाईल, पाऊस पडेपर्यंत गाव तहानलेलं राहील, असं काहीही मनात आलं नाही. मनात एवढंच होतं की मी आता मरणार.

नामदेवनं दोर ओढून खोड बोटीशी आणलं, दोर खोडापाशी कापला आणि मोकळं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. मग तो वाकला, माझ्या खाटेखाली हात घातला आणि तो रिकामा डबा माझ्या छातीवर आणून दाबला.

"धर हा. पोटाशी धर. काई झालं तरी सोडू नको."

मी डबा पोटाशी आवळून धरला.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "तू बाल्टी बुडवतानी दुसऱ्या हातानं खांब धरून राह्यते. पयल्या दिवसापासून."

आणि त्यानं उडी मारली.

तो हात मारत सडकेकडे गेला. लाटेत दिसायचा, नाहीसा व्हायचा. एकदा बराच वेळ दिसला नाही तेव्हा मी त्याच्या नावानं ओरडलो, आवाज फुटला तो तेव्हा. मग तो एकदम छातीइतक्या पाण्यात उभा राहिलेला दिसला. पाय सडकेला लागले होते. कमरेचा दोर सोडून त्यानं तो मैलाच्या दगडाला गुंडाळला, पाण्याच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या दगडाला, आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. तेवढ्यात लुगडं खोचून अंजनाबाई सडकेवरून पाणी तुडवत आली आणि तिनं दोराचं शेपूट धरलं. दोर ताणला गेला. बोट थरथरली, फिरली आणि हळूहळू त्यांच्या दिशेनं तोंड करून थांबली. दगड हलला नाही.

वारा जसा आला तसा गेला. वरून चार मोठे थेंब पडले, तेवढेच. बोटीत पोटरीइतकं पाणी होतं, पंप भिजला होता पण बोट शाबूत होती. नामदेव दोर धरत धरत आला, बोट ओढून सडकेवर घेतली आणि म्हणाला, "उतर. पाय टेकते अठी."

मी डबा पोटाशी धरूनच उतरलो. पायाखाली डांबराचा कडक तुकडा लागला आणि मी तिथंच उभं राहून रडलो. अंजनाबाईनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, नामदेवकडे पाहिलं. मग म्हणाली, "रडून घे बापू. मंग खोपीत चाला, चहा ठेवतो." इतकं हलकं मला आयुष्यात पूर्वी कधी वाटलं नव्हतं. जीव वाचला म्हणून वाटलंच, पण आता लपवायला काही उरलं नाही म्हणून जास्त.

पंप वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. साहेब आले. कुठं बांधायची, त्यांनी विचारलं.

"सावरगाव म्हणेल तिथं," मी म्हणालो.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बहुधा उन्हाचा परिणाम समजले.

"नाई," नामदेव म्हणाला. "डोहातच बांधू. वसंता बरोबर म्हनते, गावाले पानी लागते. पन खोडागिडाले नको, लांब दोर आना. दोन दोर या काठाले, दोन दोर त्या काठाले, अन् एक दगडाले. अन् साहेब, कपाटातले थे जॅकेट द्या न. कपाट थोडीच बुडून राह्यलं?"

जॅकेटं संध्याकाळी आली. तेव्हापासून आमची बोट दोन्ही काठांना बांधलेली असायची. इतका साधा उपाय आम्हाला इतके उन्हाळे सुचला नव्हता, कारण काठ निवडायचा म्हणजे एकच निवडायचा, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो.

त्याच उन्हाळ्यात, सडकेवरच्या कमरेइतक्या पाण्यात, नामदेवनं तो डबा माझ्या पाठीला बांधला. तो स्वतः तिगावला मामाच्या संत्राबागेतल्या विहिरीत असाच शिकला होता. पन्नाशी उलटलेला माणूस पाठीला तेलाचा डबा बांधून हातपाय झाडतोय, हे पाहायला गुराखी जमायचे. अंजनाबाई काठावरून माझ्या लाथा मोजायची आणि मुद्दाम चुकवायची. आषाढाच्या तोंडाशी मी डब्याशिवाय दोन दगडांमधलं अंतर पोहलो. फार नाही, पण पाय न टेकता.

आता त्या गावाला दुसरीकडून मोठी पाइपलाइन आली आहे. बोट काठावर पालथी पडली आहे असं ऐकतो. वाईट वाटतं, पण बघायला जावंसं वाटत नाही. नामदेवही रिटायर झाला. संध्याकाळी आम्ही जामच्या पुलावर भेटतो, तो तिकडून येतो, मी इकडून.

एक गोष्ट विचारायची माझी कित्येक वर्षं हिंमत झाली नव्हती. यंदा पोळा झाल्यावर, पुलाखाली नदीत दगडच दगड पडलेले असताना, विचारली. "नामदेव, माझ्यासाठी तू इतके उन्हाळे त्या सडकेवरून भांडलास. गाळ काढलास, साहेबांच्या शिव्या खाल्ल्यास. पहिल्याच दिवशी सरळ म्हणाला असतास की मला माहीत आहे, तर काय झालं असतं?"

नामदेव कठड्याला टेकला.

"तू लाजला असता," तो म्हणाला. "बदली मांगून निंगून गेला असता. मंग मी भांडलो असतो कोनासंगं?"